मोटारीला घातलेला आस

कडावच्या येसाजी मिस्त्रीने बैलगाडीचा आस उचलून डोळ्यासमोर धरला की भोवतालची माणसं बोलायची थांबत. एक डोळा मिटून दुसरा तो आसाच्या टोकाला लावी, उजेडाकडे बघे, हातातल्या हातात आस थोडा फिरवे आणि मग नुसतं "हं" म्हणे. त्या एका 'हं'वर कर्जतपासून कशेळ्यापर्यंतच्या गाड्या चालत. येसाजीला हे ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं तो लपवतही नसे. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःच्या कामाची तारीफ ऐकताना त्याची मान जी ताठ व्हायची, ती दुसऱ्याचं काम बघताना काही केल्या खाली यायची नाही.

बैलगाडीचा आस फिरत नाही. चाक फिरतं, आस जागच्या जागी राहतो आणि वरचा सगळा भार अंगावर घेतो. म्हणून आसाला वरची बाजू असते आणि खालची बाजू असते. येसाजी लोखंडाची भरीव, दणकट बाजू हेरून ती खाली ठेवी, वरच्या बाजूला अंगठ्याने शेंदराचा ठिपका लावी, नारळ फोडी आणि मगच आस गाडीखाली जाई. ठिपका आभाळाकडे, भार जमिनीकडे. त्याच्या बापाने जन्मभर हेच केलं होतं. ठिपका खाली करून आस बसवलेली गाडी त्या भागात कुणी पाहिली नव्हती.

लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा कर्जतच्या आबाजीने आपल्या उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या मागे, कोळशाच्या वायूवर इंजिन चालावं म्हणून, कोळशाची भट्टी बसवून घेतली. आबाजीची भाताची गिरणी होती आणि ही एक मोटार. ती कर्जतहून निघून कडाववरून कशेळ्याला जाई आणि उलट्या पावली परत येई. धूर इतका सोडायची की पाठीमागून चालणाऱ्याला ती दिसण्याआधी तिचा वास यायचा. ती चालवायचा पदू, म्हणजे येसाजीचा जावई. सोनुबाई ही येसाजीची एकुलती एक लेक. तिला पदूच्या घरात दिली तेव्हा तो गाडीवान होता, पुढे मोटार शिकला. आपला जावई मोटार हाकतो हे येसाजी कुणी न विचारताच सांगत असे.

त्या साली पावसाळा सरता सरता ओढ्यातून जाताना मोटारीचं पोट खडकावर आदळलं आणि शाफ्ट वाकला. शाफ्ट म्हणजे पुढच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारी पोकळ नळी. मोटारीच्या पोटाखाली आडवी असते आणि मोटार चालू लागली की गरगर फिरते. आबाजीने मुंबईला माणूस पाठवला. तिथं असला माल मिळेना, लोखंड म्हणून जे होतं ते सगळं लष्कराकडे जात होतं. मग तो वाकलेला शाफ्ट घेऊन आबाजी आणि पदू कडावला येसाजीच्या भट्टीवर आले.

येसाजीने उभ्या जन्मात शाफ्ट केला नव्हता. तेवढंच म्हणायचं होतं. पण भट्टीभोवती अर्धं गाव जमलेलं, कर्जतचा शेट दारात उभा, जावई शेजारी. येसाजीने वाकलेली नळी डोळ्याला लावली आणि म्हणाला, "हं. करू की."

नळी सापडली ती आबाजीच्याच गिरणीमागे. नदीचं पाणी वर घेणारा जुना पंप तिथं होता, त्याचा आडवा टाकलेला नळ कित्येक वर्षं वाळूचं पाणी ओढत आलेला. येसाजीने तो हव्या तेवढ्या लांबीचा कापला तेव्हा कापलेल्या तोंडाशी त्याला दिसलं की नळाचा पत्रा सगळीकडे सारखा नाही. वाळू आतून तळाला घासत गेली होती. ती बाजू भाकरीच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, आणि समोरची बाजू होती तशी जाड होती. बाहेरून मात्र नळ सरळ होता. येसाजीने त्याच्या अंगाला दोरा ताणून बघितलं, डोळा लावून बघितलं, कुठं केसभर वाक नव्हता. पत्र्याच्या जाडपातळाचा त्याने एवढाच विचार केला, की जाड बाजू खाली घालायची.

आता हसू येतं. त्या दिवशी कुणाला आलं नाही. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात तशी येसाजीने नळीची तोंडं भट्टीत लाल केली, जुन्या शाफ्टचे दोन्ही सांधे त्यांत ठोकून बसवले, पाणी ओतून आवळले, वरून रिव्हेट मारले. सांधे असे बसले की घणाने सुटले नसते. मग पातळ बाजू वर करून त्याने तिच्यावर शेंदराचा ठिपका दिला, नारळ फोडला आणि जमलेल्यांना समजावून सांगितलं की भार नेहमी खाली येतो, म्हणून आपण दणकट बाजू खाली ठेवली आहे, शहरातल्या कारखान्यात एवढं बघत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. आबाजीने डोलावली, पदूनेही डोलावली. सगळेच बैलगाडीत वाढलेले. ठिपका बरोबर आभाळाकडे ठेवून शाफ्ट मोटारीखाली चढला, मोटार निघाली आणि ठिपका पहिल्याच फेऱ्यात खाली गेला. पण मोटारीच्या पोटाखाली कोण बघतंय.

कशेळ्याच्या बाजारात आठवडाभर दुसरी गोष्ट नव्हती. येसाजी मिस्त्रीने मोटारीला आस घातला! बाया आपल्या पोरांना येसाजी दाखवू लागल्या.

मोटार हळू असली की काही कळत नव्हतं. कडाव ओलांडलं की मात्र भातखाचरांमधून सरळ, सपाट रस्ता लागतो. तिथं पळ धरला की मोटारीच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज यायचा, फळ्या थरथरायच्या, बसलेल्यांचे दात एकमेकांवर वाजायचे. जितकी पळवावी तितकी थरथर वाढायची. पदूने चाकं बघितली, स्प्रिंगांचे पाटे बघितले, सगळे नट आवळले. मग एके दिवशी भट्टीवर दुसरं कुणी नाही असं बघून तो सासऱ्याजवळ बसला आणि हळूच म्हणाला, की मामा, थरथर शापटातून येते असं वाटतंय, एकदा काढून बघूया का.

येसाजीने ऐरणीवरून मान वर केली नाही. आपल्या हाताखालून गेलेल्या आसाबद्दल आजवर कुणी असं बोललं नाही, असं त्याने ऐकवलं. वर, मोटार शिकून कितीसे दिवस झाले, असंही विचारलं. पदू उठला, पायताण घातलं आणि गेला. पुन्हा त्याने शाफ्टचं नाव काढलं नाही. त्या दिवसापासून तो मोटार हळू हाकू लागला.

इतकी हळू, की कर्जतला माणसांच्या आगगाड्या चुकायला लागल्या. बाजारकरी ओरडायचे, कुणी म्हणायचं यापेक्षा बैलगाडी बरी, निदान धूर तरी नाही. कानावर पडता पडता ते आबाजीपर्यंत गेलं आणि बाजाराच्या दिवशी तो स्वतःच मोटारीत बसून कशेळ्याला आला. उतरल्या उतरल्या सगळ्यांसमोर त्याने पदूला विचारलं की हा काय चावटपणा आहे, गाडी का पळत नाही.

येसाजी तिथंच होता, कोयते विकायला मांडून बसलेला. पदूने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "रस्ता लय खराब झालाय, शेट."

आबाजी हुशार माणूस. त्याची नजर पदूमागून येसाजीवर आली. "मिस्त्री, तुमच्या शापटात तर काय नाय ना?"

भोवती सगळा बाजार गोळा झालेला. येसाजीला नुसतं गप्प बसता आलं असतं. जावयाने रस्त्यावर ढकललंच होतं. रस्ता काही उलटून बोलला नसता. पण शापट हा शब्द चारचौघांत निघाला आणि येसाजीच्या अंगाचा भडका झाला.

"रस्ता तोच हाय, आस बी तोच हाय," तो म्हणाला. "हात कच्चा हाय."

लोक हसले. पदू हसला नाही. त्याने मोटारीचा दरवाजा लावला आणि बॉनेटावर हात ठेवून उभा राहिला. कर्जतला पोचल्यावर आबाजीने त्याला कामावरून काढून टाकलं.

घरी ही बातमी चंद्राबाईने, म्हणजे येसाजीच्या बायकोने, ऐकली आणि दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एकच, की लेकीच्या ताटातला घास आपल्या माणसाने काढला. येसाजीने तिला गप्प केलं. कामाच्या गोष्टी बायकांना काय कळतात, म्हणाला. दिवाळीला सोनुबाई माहेरी आली नाही. कर्जतजवळ भिसेगावात एका खोलीत ती दोघं राहत, आणि पदू रेल्वेच्या खडीवर जातो, दिवसभर दगड फोडतो, असं कडावात येणाऱ्याजाणाऱ्याने सांगितलं. मोटारीचं चाक धरणारे हात आता घण धरत होते. ऐकून येसाजी पुन्हा भात्याकडे वळला. आपण खरं तेच बोललो, असं तो स्वतःला सांगत राहिला, आणि एकच गोष्ट इतक्यांदा सांगावी का लागते, हे मात्र त्याने स्वतःला विचारलं नाही.

पदूच्या जागी आबाजीने नवशा आणला. हा खालापूरकडचा गडी, खोपोलीला लॉऱ्या हाकलेला, घाटात चढउतार केलेला. हळू हाकणं त्याला ठाऊकच नव्हतं. थरथरली तर थरथरू दे, म्हणायचा, मोटार हाय, पाळणा नाय. गाड्या गाठल्या जाऊ लागल्या, बाजारकरी खूश झाले, आणि बघा, हात बदलला तशी मोटार पळायला लागली, असं लोक येसाजीला येऊन सांगू लागले. येसाजी "हं" म्हणायचा.

मग एका सकाळी, कडावच्या पुढच्या त्याच सपाट रस्त्यावर, मोटारीच्या पोटाखाली बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. शाफ्टचा पुढचा सांधा तुटला, नळीचं टोक रस्त्यात रुतलं आणि मोटार फरफटत जाऊन खाचराच्या बांधाला टेकली. मरण कुणाला आलं नाही, हेच नशीब. पण गौराबाई म्हणून कडावचीच एक म्हातारी वांग्यांची पाटी घेऊन बसली होती, ती पाटीसकट खाली आली आणि तिचं मनगट मोडलं.

शाफ्ट उचलून आबाजी पुन्हा येसाजीच्या भट्टीवर आला. येसाजीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण आबाजीने ओटीवर टेकल्या टेकल्या पहिलं काय म्हटलं, तर मिस्त्री, तुमची कमाल आहे. पदूने इतके दिवस गाडी कुथवून कुथवून हिचा सांधा खिळखिळा करून ठेवला, तरी तुमची नळी बघा, वाकली नाही. तुटला तो कंपनीचा सांधा. तुमचं काम शाबूत आहे.

हे ऐकून येसाजीला हायसं वाटलं. पुढे आयुष्यभर त्याला लाज वाटली ती सगळ्यांत जास्त या हायसं वाटण्याची. शेट गेला तेव्हा त्याला दारापर्यंत पोचवायलाही तो गेला, आणि परत येताना त्याची मान पूर्वीसारखी ताठ होती.

सांधा बदलायचा तर नळी समोर हवी. येसाजीने रिव्हेट कापून, तोंडं तापवून दोन्ही सांधे काढून टाकले, घासूनपुसून नळी साफ केली आणि ऐरणीच्या बाजूच्या ओट्यावर दोन लोखंडी पट्ट्या समांतर ठेवून त्यांवर ती आडवी टाकली. शेंदराचा ठिपका तेलामातीत काळपटला होता, तरी दिसत होता, बाजूला होता. येसाजी कानस घ्यायला वळला. परत बघतो तर ठिपका वर.

त्याला वाटलं धक्का लागला. त्याने नळी अर्धी फिरवून ठिपका खाली केला आणि हात काढला. नळी क्षणभर थांबली, मग पट्ट्यांवरून आपली आपण गडगडली आणि ठिपका वर आला. डावीकडे ठेवला, वर आला. उजवीकडे ठेवला, तरी वर आला. ओटा कलता असेल म्हणून त्याने वाटीत पाणी घेऊन ओट्यावर ठेवलं. पाणी सपाट होतं. त्याने पट्ट्या उलटसुलट केल्या, बाहेर अंगणात नेऊन मांडल्या. ठिपका वर यायचा आणि येसाजीच्या तोंडाकडे बघत राहायचा.

जाड बाजू खाली जात होती. आस असता तर ती खालीच राहिली असती. पण हा आस नव्हता. हा फिरत होता. याला वरची बाजू नव्हती, खालची बाजू नव्हती. एका अंगाला भार बांधून आपण ही नळी मोटारीखाली गरगरा फिरायला सोडली, आणि तो भार प्रत्येक फेऱ्यात मोटारीला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हिसडत राहिला. जितका वेग जास्त तितका हिसडा मोठा. पदूने सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि गौराबाईचं मनगट त्याच्या हातून नाही, आपल्या हातून मोडलं. येसाजी तिथंच अंगणात मातीत बसला. मग काय सुचलं कोण जाणे, त्याने धोतराच्या सोग्याने ठिपका घासून घासून पुसून टाकला. आणि पुसल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी तो चालत भिसेगावला गेला. सोनुबाईने दार उघडलं, "बा" एवढंच म्हणाली, पाण्याचा तांब्या दिला आणि चुलीपुढे पाठ करून बसली. पदू खडीवरून आला तेव्हा त्याच्या तळव्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या. येसाजीने चिंध्यांकडे बघत बघतच सगळं सांगितलं. पट्ट्यांचं सांगितलं, ठिपक्याचं सांगितलं, जाड बाजूचं सांगितलं. ठिपका पुसला तेही सांगितलं.

पदूने सगळं ऐकून घेतलं. खोट शाफ्टमध्येच आहे हे त्याला माहीत होतं, नळी जाडपातळ असेल हे मात्र डोक्यात आलं नव्हतं, असं तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुमी तवा बाजारात का नाय बोललात?" येसाजीने विचारलं.

"मी काय बोलणार, मामा. तुमचं नाव हाय त्या बाजारात. आमी आज हितं, उद्या तितं." मग थोडं थांबून तो म्हणाला, "आता बी कुणाला सांगू नका. लोक हसतील तुमाला. नवी नळी घाला, गाडी चालंल, इसरतील सगळे."

चुलीपुढे सोनुबाई ऐकत होती. लाकडं पुढे सारायचा तिचा हात तेवढा थांबला होता.

आणि येसाजीने ते ऐकलं. हीच तर गोष्टीतली शरमेची जागा. ज्याचं वाटोळं केलं तोच पांघरूण घालायला तयार आहे म्हटल्यावर त्याने ते पांघरूण मुकाट अंगावर ओढून घेतलं. जावयाचाच शब्द आहे, आपण काय मोडायचा, अशी समजूत घालत तो कडावला परतला आणि नव्या नळीच्या शोधाला लागला. पदूला पुन्हा घ्या, असं शेटजींना सांगू, पण कारण सांगायचं नाही, असंही त्याने ठरवलं. मनातल्या मनात माणूस किती सोयीने ठरवतो.

त्याच आठवड्यात गौराबाई विळा शेवटायला, म्हणजे धार लावून घ्यायला, भट्टीवर आली. हात फळीला बांधून गळ्यात अडकवलेला, विळा डाव्या हातात. येसाजीने विळा घेतला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिला त्याचीच दया आली.

"वाईट वाटून घेऊ नको रं येसाजी," ती म्हणाली. "तुज्या हाताला कोण नावं ठेवतंय? जावई नीट निघाला नाय, त्याला तू काय करशील."

मनगट तिचं मोडलं होतं आणि धीर ती त्याला देत होती! येसाजीच्या हातातला विळा ऐरणीवर पडला. त्याला तिच्याकडे बघवेना, विळ्याकडे बघवेना. विळा शेवटून त्याने तिच्या डाव्या हातात दिला. ती गेली तरी तो तसाच उभा होता.

कशेळ्याच्या बाजाराच्या दिवशी येसाजीने कोयते नेले नाहीत. नळी खांद्यावर आणि दोन पट्ट्या काखेत घेऊन तो चालत गेला. आबाजी भाताच्या वखारीपुढे लोकांत बसला होता. येसाजीने त्याच्यासमोर दगड लावून पट्ट्या सपाट मांडल्या, नळीवर पुसलेल्या जागी पुन्हा शेंदराचा ठिपका दिला आणि ती पट्ट्यांवर ठेवली. ठिपका वर आला. त्याने आबाजीला स्वतः फिरवायला सांगितलं. आबाजीने फिरवली, ठिपका वर आला. दोनचार जणांनी फिरवली. मग येसाजीने सांगितलं. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मागच्यांना ऐकू येईना, म्हणून ते ओरडले आणि त्याला सगळं पहिल्यापासून मोठ्याने सांगावं लागलं.

"खोट माज्या कामात होती," शेवटी तो म्हणाला. "पदूनं मला आदीच सांगितली होती. त्याचा हात कच्चा नाय. मी ह्याच बाजारात खोटं बोललो."

आधी कुणी हसलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, की मिस्त्रीने मोटारीला बैलगाडीचा आस घातला, आता बैल पण जुंपा. तिथून जो हशा सुटला तो बाजारभर पसरला. हसणाऱ्यांत नळी बसवताना माना डोलावणारे सगळे होते. डोलावल्याचं त्यातल्या एकालाही आठवत नव्हतं. येसाजीला आठवत होतं, पण तो ते बोलला नाही. तो नळीवर हात ठेवून खाली बघत उभा राहिला. त्याच्या कानशिलांची आग होत होती. एकटा आबाजी हसला नव्हता. मोटार मोडली, म्हातारी पडली, आणि आपण चांगल्या माणसाला हाकललं, हे त्याला दिसत होतं. तेव्हाच चार शब्द खरे बोलला असतात तर, मिस्त्री, एवढंच तो म्हणाला आणि उठून वखारीत गेला. त्या दिवसापासून कशेळ्याला येसाजीचं नाव 'बैलमोटार' पडलं आणि ते राहिलं.

नवशा तोवर खोपोलीला परत गेला होता. आबाजीने पदूला निरोप धाडला आणि पदू आला. दुसरी नळी कुणी करायची असा प्रश्न निघाला तेव्हा तोच म्हणाला, मामाच करतील. येसाजीने नको म्हटलं, हात जोडले, पण पदूने नवा नळ त्याच्या भट्टीवर आणून टाकला. या खेपेला येसाजीने डोळ्यावर भरवसा ठेवला नाही. पट्ट्यांवर नळी ठेवायची, जी बाजू खाली जाईल ती कानशीने थोडी उतरवायची, पुन्हा ठेवायची, असं तो करत राहिला. शेवटी नळी जिथं ठेवावी तिथं मुकाट पडून राहू लागली. सांधे पदूने बसवून घेतले. नारळ फोडला. सवयीने येसाजीचा अंगठा शेंदरात गेला आणि तसाच राहिला; ठिपका कुठं लावायचा ते त्याला कळेना. त्याने अंगठा पुसून टाकला.

पहिल्या फेरीला पदूने त्याला पुढे आपल्या शेजारी बसवलं. येसाजीला यायचं नव्हतं. मागे माणसं होती, त्यांतली काही अजून हसत होती, आणि गौराबाईही हात गळ्यात अडकवून पाटी घेऊन बसली होती. तिने त्याला बघून सरकून जागा करून दिली होती. कडाव मागे पडलं, भातखाचरं आली, समोर तो सरळ सपाट रस्ता लागला. येसाजी फळीला घट्ट धरून बसला. थरथर आली नाही. मोटारीच्या पोटात नुसता इंजिनाचा आवाज होता. वेग वाढत होता, आणि नळी फिरत असूनही कुणाला कळत नव्हती.

तेवढ्यात मोटार हळू झाली.

येसाजीने समोर बघितलं. रस्त्यात काही नव्हतं, बैल नव्हता, माणूस नव्हता. पदूचा पाय तेवढा वर उचलला गेला होता. पदूचं स्वतःचं लक्षही नव्हतं. तो समोर बघत होता.

"हाका की, जावईबापू," येसाजी म्हणाला. "आता नाय हालत."

पदू दचकला. त्याने पायाकडे बघितलं आणि ओशाळून हसला. "सवय झालीया, मामा," तो म्हणाला, आणि पाय पुन्हा खाली दाबला.

येसाजीने तोंड बाहेर वळवलं. म्हणजे त्या दिवसांत रोज, जाताना एकदा आणि येताना एकदा, माणसांच्या शिव्या खात, याच जागेवर हा पाय आपल्यासाठी वर उचलला जात होता, आणि आपण त्यालाच कच्चा म्हटलं. कशेळं येईपर्यंत त्याला पदूकडे बघता आलं नाही.